फी

सदरला लियोंग यांच्या जोड्यांच्या दुकानात
मी हिशोब लिहिते, तेरा वर्षं झाली.
कॉम्प्युटर आहे. पण मालकांना वही लागते,
लाल कापडाची, इतवारीतून आणलेली.
लाइट गेली की कॉम्प्युटर विसरतो, म्हणतात,
वही फक्त फाटते.

त्या मे महिन्यात माझे ब्याऐंशी हजार गेले.
भिशीचे. किरण वैरागडे घेऊन गेली,
माझ्याच शेजारी बसून नावांच्या चिठ्ठ्या कापणारी.
कोणी म्हणे रायपूरला आहे, कोणी म्हणे भिलाईला.
जेवणाच्या सुट्टीत मी रोज तिचा नंबर लावायची
आणि ती रेकॉर्डमधली बाई सांगायची, बंद आहे,
इतक्या गोड आवाजात
की मला तिचाही राग येऊ लागला.

कूलरच्या टपात बादली ओतता ओतता
मालक एकदा म्हणाले,
"मॅडम, सकाळपासून तेच पान जोडून राहिल्या तुम्ही."

मग स्टूल घेऊन वरच्या फळीवरून
त्यांनी आजोबांची वही काढली,
कामठीची, फौजेचे बूट शिवायचे तेव्हाची.
कागद असा की बोट लागलं तर खारीसारखा सुटेल.
चिनी अक्षरं, उभी,
खिडकीवरच्या वाळ्याच्या काड्यांसारखी.
मला त्यातलं ओ की ठो कळत नाही,
पण पैसे गेले की ते कुठल्याही लिपीत
डोळ्यांना दिसतातच.
मध्येच एक मथळा, तीच अक्षरं, पुढे आकडा.
चार पानांनी पुन्हा. मग लगेच पुन्हा.

"हे काय?"
"तोंग गाउ होक फाय. शाळेची फी. भरली समजायचं."
"कोणाची शाळा?"
"कोनाचीच नाही. बुढा तर शाळेत गेलाच नव्हता.
हे कातडं, भिजलेलं निघालं.
हा एक कॅप्टन, चार जोड नेले न् बदली झाली.
हा सख्खा भाऊ."
भावाचा आकडा सगळ्यांत मोठा.

मी म्हटलं, आमच्यातही आहे की. अक्कलखातं.
आणि म्हणता म्हणता जीभ अडली.
अक्कलखाती जमा म्हटलं
की आमच्या घरी कोणीतरी हसतं.
काका हसतात, जावई हसतो,
ज्याचे गेले तो सगळ्यांच्या आधी हसतो,
मार चुकवल्यासारखा.

फी भरणाऱ्याला कोण हसतं?
तो रांगेत असतो, मागेपुढे माणसं असतात,
खिडकीत कोणीतरी शिक्का घेऊन बसलेलं असतं,
आणि भरून झालं की तो बाजूला होतो,
पुढच्याला जागा देतो.

"मग शिकले काय तुमचे आजोबा?"
मालकांनी पानं उलटली, बरीच उलटली.
"हे पाहा, दोन वर्षांनी भावाला अजून दिले.
अजून फी."
आणि इतके हसले की गिऱ्हाइकानं
पायातला एक जोडा तसाच ठेवून वळून पाहिलं.

रात्री गच्चीवर, तापलेल्या फरशीवर पाणी मारून,
दुधाच्या हिशोबाच्या वहीत मी लिहिलं:
फी, ब्याऐंशी हजार. तारीख घातली.
हलकं वगैरे काही वाटलं नाही.
मच्छर होते. खालच्या रस्त्यावर कोणीतरी
बंद पडलेली स्कूटर लाथा मारमारून सुरू करत होतं.
दुसऱ्या दिवशी सुट्टीत फोन न लावता
कोपऱ्यावर तर्री-पोहे खाल्ले, घाम येईस्तोवर.
तिसऱ्या दिवशी लावला, एकदाच.
बंद आहे, म्हणाली ती.
बरं, म्हटलं.

एक राहिलं.
किरणकडे माझा डबा आहे, पाच पुडाचा,
झाकणावर आईनं माझं माहेरचं नाव कोरून घेतलेला.
तो मी फीत धरलेला नाही.
वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं,
एकट्यालाच लिहून ठेवलाय:
डबा, एक. येणे.